डेव्हिड ब्रेनर्ड : एका तरुण मिशनऱ्याची प्रार्थना

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
• डेव्हिड ब्रेनर्ड यांच्या जीवनाचे महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• त्यांच्या प्रार्थनेत कालांतराने कोणता पालट झाला, हे स्पष्ट करता येईल.
• आंतरिक जीवनाचे चरित्र लिहिताना कोणता विवेक पाळावा लागतो, हे उदाहरणासह सांगता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चरित्र म्हटले की कर्तृत्वाचा आलेख तुमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. सेनानीच्या चरित्रात लढाया असतात, शास्त्रज्ञाच्या चरित्रात शोध असतात, समाजसुधारकाच्या चरित्रात संस्था आणि चळवळी असतात. ज्याच्या आयुष्याचा मुख्य भाग एकांतातील प्रार्थनेत गेला, त्याचे चरित्र मात्र कसे लिहावे? प्रार्थनेला साक्षीदार नसतो. ती खरी होती की केवळ सवयीची होती, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही.

अठराव्या शतकातील डेव्हिड ब्रेनर्ड यांचे चरित्र हा प्रश्न विशेष तीव्रतेने उपस्थित करते. ब्रेनर्ड अवघी २९ वर्षे जगले. प्रत्यक्ष मिशनकार्य त्यांनी जेमतेम चार वर्षे केले. तरीही पुढील शतकात जगाच्या दूरदूरच्या कोपऱ्यांत गेलेल्या अनेक मिशनऱ्यांनी त्यांना आपला आदर्श मानले. याचे कारण त्यांच्या रोजनिशीत आहे. तिच्यात त्यांनी आपल्या प्रार्थनांचा, त्यांतील उत्कटतेचा आणि तितक्याच प्रामाणिकपणे त्यांतील कोरडेपणाचा हिशोब ठेवला. हे चरित्र वाचताना एक प्रश्न मनाशी धरून ठेवा : प्रार्थनेचे सामर्थ्य म्हणजे मागितलेले मिळणे, की आणखी काही?

२. बालपण आणि पहिले वळण

डेव्हिड ब्रेनर्ड यांचा जन्म २० एप्रिल १७१८ रोजी उत्तर अमेरिकेतील कनेक्टिकट या ब्रिटिश वसाहतीत, हॅडम या गावी झाला. त्यांचे वडील वसाहतीच्या शासनमंडळाचे सदस्य होते. घर प्रतिष्ठित होते, परंतु कौटुंबिक सुख फार काळ टिकले नाही. डेव्हिड नऊ वर्षांचे असताना वडील वारले आणि चौदाव्या वर्षी आईचेही छत्र हरपले. मुळातच गंभीर असलेला हा मुलगा त्यामुळे अधिकच अंतर्मुख झाला. मृत्यूचे भय आणि पापाची जाणीव यांनी त्याच्या मनाचा ताबा घेतला.

तरुणपणी ब्रेनर्डांनी धर्माचरणाचे कडक नियम स्वतःला लावून घेतले. उपवास, वाचन, प्रार्थना यांत त्यांनी कसूर केली नाही. परंतु मनाला शांती नव्हती. पुढे त्यांना एक अप्रिय सत्य उमगले. आपण ईश्वरासाठी म्हणून जे करत होतो, ते सारे स्वतःच्या सुटकेसाठी होते. आपल्या प्रार्थनेचा खरा विषय आपण स्वतःच होतो, असे त्यांच्या लक्षात आले. १२ जुलै १७३९ रोजी सायंकाळी दाट झाडीत एकटे फिरत असताना त्यांच्या अंतःकरणात मोठा पालट झाला. त्या क्षणी ईश्वराच्या महिम्याची जी जाणीव झाली, तिच्यापुढे स्वतःच्या तारणाचा विचारही काही काळ विसरला गेला, असे त्यांनी पुढे नोंदवले आहे.

हा प्रसंग नीट लक्षात ठेवा. ब्रेनर्डांच्या दृष्टीने प्रार्थनेचा खरेपणा शब्दांच्या विपुलतेवर किंवा डोळ्यांतील अश्रूंवर अवलंबून नव्हता. प्रार्थना करणारा स्वतःला किती विसरतो, ही त्याची कसोटी होती. मात्र कसोटी कळणे वेगळे आणि तिला उतरणे वेगळे. पुढील काही वर्षांत त्यांना हेच शिकावे लागले.

३. येलमधील एक वाक्य

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रेनर्ड न्यू हेवन येथील येल कॉलेजात दाखल झाले. अभ्यासात ते हुशार होते, प्रकृती मात्र नाजूक होती. विद्यार्थिदशेतच त्यांच्या थुंकीतून रक्त पडू लागले होते. पुढे ज्या क्षयाने त्यांचा बळी घेतला, त्याची ती चाहूल होती.

त्या काळात अमेरिकी वसाहतींत महाजागृती या नावाने ओळखली जाणारी धार्मिक लाट उसळली होती. तरुण विद्यार्थी भारावून गेले होते आणि जुन्या वळणाच्या अध्यापकांना थंड, निर्जीव समजू लागले होते. ब्रेनर्डही या आवेशातून सुटले नाहीत. एकदा मित्रांशी बोलताना त्यांनी एका अध्यापकाविषयी, त्यांच्या ठायी खुर्चीइतकीही ईश्वरी कृपा नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. ते एका नवख्या विद्यार्थ्याने ऐकले, गावातील एका स्त्रीला सांगितले आणि तिच्याकडून ते कॉलेजच्या प्रमुखांपर्यंत पोहोचले. ब्रेनर्डांनी सर्वांसमक्ष माफी मागावी, असा आदेश निघाला. खासगीत बोललेल्या शब्दांसाठी जाहीर माफी मागण्यास त्यांनी नकार दिला. बंदी असलेल्या धर्मसभेला गेल्याचा ठपकाही त्यांच्यावर होता. १७४१-४२ च्या हिवाळ्यात त्यांना कॉलेजातून काढून टाकण्यात आले.

शिक्षा कठोर होती, यात शंका नाही. परंतु इतरांच्या अंतःकरणात कृपा आहे की नाही, याचा निवाडा करण्याचा अहंकार ब्रेनर्डांच्या ठायी होता, हेही खरे. पुढे त्यांना स्वतःलाच त्याची लाज वाटली. कॉलेजातील काळातील रोजनिशीच्या दोन वह्या त्यांच्या इच्छेनुसार नष्ट करण्यात आल्या. चरित्राचा अभ्यासक म्हणून या पुसलेल्या पानांचीही तुम्ही दखल घ्यावी.

४. राईतील संध्याकाळ

पदवी नाही, म्हणजे वसाहतीतील प्रस्थापित चर्चमध्ये पाळक होण्याचा मार्ग जवळजवळ बंद. वयाची चोविशी गाठत असलेला, आईवडिलांविना वाढलेला, आजारी आणि नामुष्की पदरी आलेला हा तरुण १७४२ च्या वसंतात एका पाळकाच्या घरी राहून अध्ययन करत होता. १९ एप्रिलचा दिवस त्याने उपवास आणि प्रार्थनेसाठी राखून ठेवला. त्या दिवशी दाट सावलीत, गार वाऱ्यात तो प्रार्थना करत राहिला. सूर्य कलला, अंधार पडू लागला, तरी प्रार्थना संपली नाही. सावलीत असूनही त्याचे सर्वांग घामाने भिजले होते.

पुढील काळात अशा प्रसंगांवर चमत्काराची पुटे चढवण्याचा मोह अनेकांना झाला. आपण मूळ नोंदीपाशी थांबू. घाम किती आला याहून त्या प्रार्थनेचा विषय अधिक महत्त्वाचा आहे. ब्रेनर्ड त्या दिवशी आपल्या पदवीसाठी झगडत नव्हते. दूर असलेल्या मित्रांसाठी, अनोळखी माणसांसाठी, जगाच्या दूरच्या प्रदेशांतील लोकांसाठी ते आर्ततेने आळवणी करत होते. संतसाहित्य वाचताना आर्तता हा शब्द तुम्हाला वारंवार भेटतो. ही आर्तता स्वतःच्या दुःखातून उगम पावते आणि इतरांच्या दुःखापर्यंत पोहोचते. ब्रेनर्डांच्या प्रार्थनेने हे वळण नेमके त्यांच्या नामुष्कीच्या काळात घेतले.

पदवीचा प्रश्न मात्र सुटला नाही. सप्टेंबर १७४३ मध्ये त्यांच्या वर्गाचा पदवीदान समारंभ होता. ब्रेनर्डांनी लेखी क्षमायाचना सादर केली. जोनाथन एडवर्ड्स यांच्यासारख्या मान्यवर धर्मोपदेशकांनी त्यांची बाजू घेतली. तरीही कॉलेजने पदवी नाकारली. ज्या दिवशी आपल्या हाती पदवी यायची, त्या दिवशी ती इतरांच्या हाती पडताना पाहून मनात कटुता दाटून यावी, हे स्वाभाविक होते. पण त्या दिवसाच्या नोंदीत कटुतेऐवजी शांत स्वीकार आढळतो. ज्यांनी आपल्याशी कठोर वर्तन केले त्यांनाही क्षमा मिळावी, अशी प्रार्थना ते करू लागले होते. अध्यापकाला खुर्चीच्या पंक्तीला बसवणारा तरुण आणि हा तरुण यांत दोन वर्षांहूनही कमी अंतर आहे.

५. कौनौमीकचे एकाकी वर्ष

स्कॉटलंडमधील एका ख्रिस्ती धर्मप्रसारक मंडळाने नोव्हेंबर १७४२ मध्ये ब्रेनर्डांची मिशनरी म्हणून निवड केली होती. १ एप्रिल १७४३ रोजी ते कौनौमीक या मूळ अमेरिकन लोकांच्या वस्तीवर पोहोचले. स्टॉकब्रिज आणि अल्बनी यांच्या दरम्यानच्या जंगलात ही वस्ती होती. आरंभी एका गरीब स्कॉटिश कुटुंबाकडे फळ्यांवर पसरलेल्या गवतावर ते झोपत. उकडलेला मका आणि राखेत भाजलेली भाकर हे अन्न. पाव आणायचा तर दहा-पंधरा मैल जावे लागे. तो आंबलेला आणि बुरसलेला निघे. जुलैच्या अखेरीस त्यांनी स्वतःसाठी ओंडक्यांची झोपडी उभारली. स्थानिक भाषा शिकण्यासाठी ते घोड्यावरून वीस मैलांवरील स्टॉकब्रिजला जात. कडाक्याच्या हिवाळ्यातही हा क्रम त्यांनी सोडला नाही.

या काळातील नोंदी वाचणे सुखद नाही. त्यांत खिन्नता आहे, स्वतःविषयीचा तिटकारा आहे, कित्येक दिवस प्रार्थना साधतच नाही अशी कबुली आहे. हा उदासपणा त्यांच्या स्वभावाचा दोष होता, असे त्यांच्या चरित्रकारानेही मान्य केले आहे. खऱ्या प्रार्थनेने मनाचे सगळे विकार नाहीसे होतात असा दावा कोणी केला, तर हे वर्ष त्याला उत्तर देईल. ब्रेनर्डांची खिन्नता अखेरपर्यंत सरली नाही, तशी प्रार्थनाही सुटली नाही. प्रार्थना जमली नाही असे रात्री लिहायचे आणि सकाळी पुन्हा प्रार्थनेला बसायचे, हा त्यांचा परिपाठ होता.

वर्ष संपताना त्यांनी एक निर्णय घेतला. कौनौमीकचे लोक थोडे होते आणि स्टॉकब्रिजला त्यांच्यासाठी अधिक चांगली व्यवस्था होती. म्हणून त्यांनी लोकांना तिकडे जाण्याचा सल्ला दिला आणि स्वतःचे काम स्वतःच थांबवले. याच सुमारास लाँग आयलंडवरील ईस्ट हॅम्प्टन येथील सुस्थितीतील मंडळीने त्यांना पाळकपद देऊ केले. क्षयाने पोखरलेल्या माणसाला आणखी काय हवे होते? ब्रेनर्डांनी ते नाकारले. जून १७४४ मध्ये न्यूआर्क येथे त्यांना रीतसर धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि ते डेलावेअर नदीच्या खोऱ्यातील नव्या कामावर रुजू झाले.

६. निराशेचा कडा आणि क्रॉसविकसंग

या खोऱ्यात लेनापे, म्हणजेच डेलावेअर या नावाने ओळखले जाणारे लोक राहत. त्यांच्या मनात गोऱ्यांविषयी अविश्वास होता आणि त्याला भक्कम कारण होते. १७३७ मध्ये एका फसव्या व्यवहाराने त्यांची अफाट जमीन बळकावण्यात आली होती. ख्रिस्ती म्हणवणारे लोक फसवतात, दारू पाजतात, मग आम्ही ख्रिस्ती का व्हावे, असा त्यांचा सवाल असे. ब्रेनर्डांनी तो लपवला नाही. आपल्या लेखनात नोंदवला.

ब्रेनर्डही त्यांच्या काळाचेच होते. लेनापे लोकांच्या श्रद्धांकडे ते अंधश्रद्धा म्हणूनच पाहत. तरीही १७४५ च्या सप्टेंबरमध्ये सस्क्वेहाना नदीच्या प्रदेशात त्यांना एक स्थानिक धर्मसुधारक भेटला. अस्वलाचे कातडे पांघरून, मुखवटा घालून, हाती खुळखुळा घेऊन तो पुढे आला, तेव्हा ब्रेनर्ड दचकले. पण त्याच्याशी बोलल्यावर त्यांना कळले की आपले लोक दारूपायी नासत आहेत या दुःखाने हा माणूस रानात एकटा राहिला होता आणि प्राचीन धर्म पुन्हा उजळावा म्हणून धडपडत होता. त्याची तळमळ खरी आहे, हे ब्रेनर्डांनी मान्य केले. ज्याने एकेकाळी स्वधर्मीय अध्यापकातही कृपा पाहिली नव्हती, त्याला आता परधर्मीयाच्या अंतःकरणातील खरेपणा दिसला.

या भेटीपूर्वीच त्यांच्या कार्याने अनपेक्षित वळण घेतले होते. १७४५ च्या वसंतापर्यंत दोन वर्षांच्या श्रमाचे फळ जवळजवळ शून्य होते. प्रकृती ढासळली होती. वर्षअखेरीस काम सोडून द्यावे, असा विचार त्यांच्या मनात बळावला होता. अशा अवस्थेत जून महिन्यात ते न्यू जर्सीतील क्रॉसविकसंग येथे गेले. तिथे त्यांना थोड्या स्त्रिया आणि मुले एवढेच श्रोते मिळाले. परंतु त्या स्त्रियांनी दहा-पंधरा मैलांची पायपीट करून आपल्या आप्तांना बोलावून आणले.

दरम्यान आणखी एक गोष्ट घडली. मोझेस तातामी हे ब्रेनर्डांचे लेनापे दुभाषी. वय पन्नाशीच्या आसपास. आरंभी त्यांचे भाषांतर शब्दांपुरते होते. त्यात जीव नव्हता. हळूहळू त्यांच्याच अंतःकरणाला त्या शब्दांचा स्पर्श झाला. २१ जुलै १७४५ रोजी त्यांचा पत्नीसह बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांच्या तोंडून जाणारा उपदेश हा केवळ गोऱ्या माणसाचा निरोप उरला नाही. तो लेनापे माणसाने आपल्या माणसांशी केलेला संवाद झाला. ८ ऑगस्टला जमलेल्या सुमारे ६५ जणांत क्वचितच कोणाचे डोळे कोरडे राहिले. २५ ऑगस्टला २५ जणांचा बाप्तिस्मा झाला.

येथे तुम्ही थोडे थांबून विचार करा. ब्रेनर्डांच्या मते हे प्रार्थनेचे फळ होते. इतिहासाचा अभ्यासक त्या स्त्रियांची पायपीट, तातामींची वाणी आणि जमीन गमावलेल्या समाजाची आधाराची गरज ही कारणेही पाहील. चरित्रकाराने यांपैकी काहीही गाळू नये. एक गोष्ट मात्र निश्चित : निराशेच्या कड्यावरून मागे फिरून ब्रेनर्ड क्रॉसविकसंगला पोहोचले, ते प्रार्थनेच्या बळावर. ते पोहोचले नसते तर त्या स्त्रियांनी कोणासाठी लोक बोलावले असते?

७. प्रार्थनेतून उभे राहिलेले काम

प्रार्थनाशील माणूस व्यवहारापासून दूर असतो, असा समज सर्वत्र आढळतो. ब्रेनर्डांच्या बाबतीत तो टिकत नाही. १७४५ च्या मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत त्यांनी घोड्यावरून तीन हजार मैलांहून अधिक प्रवास केला. दारूच्या व्यसनातून झालेल्या कर्जापायी लेनापे लोकांची उरलीसुरली जमीन जाण्याची वेळ आली होती. तेव्हा ऐंशी पौंडांहून अधिक रक्कम खर्चून त्यांनी ते कर्ज फेडण्याची तजवीज केली. मुलांसाठी शाळा सुरू केली. १७४६ मध्ये या लोकांना क्रॅनबरीजवळ स्थिर वस्ती आणि शेती करता यावी, म्हणून ते झटले. रात्री ज्यांच्यासाठी प्रार्थना केली, सकाळी त्यांच्या कर्जाचा हिशोब मांडायला ते बसत.

८. अखेरचे दिवस

१७४६ च्या नोव्हेंबरात प्रकृतीने साथ सोडली आणि ब्रेनर्डांना वस्तीवरून निघावे लागले. त्यांच्या धाकट्या भावाने, जॉन यांनी, पुढे ते काम स्वीकारले. मे १७४७ मध्ये ब्रेनर्ड मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथे जोनाथन एडवर्ड्स यांच्या घरी आले. एडवर्ड्स यांची किशोरवयीन कन्या जेरुशा हिने त्यांची शुश्रूषा केली. ९ ऑक्टोबर १७४७ रोजी ब्रेनर्डांचे निधन झाले. पुढच्या फेब्रुवारीत जेरुशाही वारली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

आरोग्य लाभले नाही, पदवी मिळाली नाही, आयुष्यही लाभले नाही. मागितल्या-मिळाल्याचा जमाखर्च मांडला, तर ही प्रार्थना निष्फळ ठरेल.

९. रोजनिशीचा प्रवास

१७४९ मध्ये एडवर्ड्स यांनी ब्रेनर्डांच्या रोजनिशीवर आधारित चरित्र प्रसिद्ध केले. जॉन वेस्ली यांनी १७६८ मध्ये त्याची संक्षिप्त आवृत्ती काढली. केंब्रिजचे विद्वान हेन्री मार्टिन हे ग्रंथ वाचून मिशनकार्याकडे वळले आणि १८०६ मध्ये कलकत्त्यास आले. विल्यम केरी यांच्यावरही ब्रेनर्डांचा खोल प्रभाव होता. १८०५ मध्ये श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी आपल्या कार्याचा जो सामायिक करार केला, त्यात रानात एकटे प्रार्थना करणाऱ्या ब्रेनर्डांचे स्मरण आहे.

मराठीच्या विद्यार्थ्यांना हे वर्ष परिचित वाटेल. त्याच १८०५ मध्ये केरींचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले आणि १८१० मध्ये त्यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. पंडित वैजनाथ यांचे या कामी त्यांना मोठे साहाय्य होते. मराठीच्या आधुनिक व्याकरणलेखनाचा आणि मुद्रणाचा इतिहास अर्थातच ब्रेनर्डांमुळे घडला नाही. परंतु ज्या हातांनी त्यातील एक आरंभीचे पान लिहिले, त्या हातांना चिकाटी देणाऱ्या ग्रंथांत एका अपयशी वाटणाऱ्या तरुणाची रोजनिशी होती, एवढे म्हणता येते.

१०. सारांश

ब्रेनर्डांच्या प्रार्थनेने परिस्थिती फारशी बदलली नाही. तिने प्रार्थना करणारा बदलला. इतरांचा निवाडा करणारे मन इतरांसाठी रडू लागले. स्वतःच्या तारणापासून निघालेली याचना परक्यांच्या कर्जापर्यंत येऊन पोहोचली. खिन्नता, आजार आणि नकार तसेच राहिले, पण त्यांच्यामुळे काम थांबले नाही. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे ब्रेनर्डांच्या जीवनातून मिळणारे उत्तर हे आहे. ते तुम्हाला श्रद्धेच्या भाषेत मांडता येईल, तसेच मानसशास्त्राच्या भाषेतही. कोणतीही भाषा निवडली, तरी कौनौमीकच्या त्या कोरड्या सकाळी वगळू नका. प्रार्थना जमत नसताना जो तिला बसतो, त्याच्या प्रार्थनेचा खरेपणा तिथेच पारखला जातो.

स्वाध्याय

१. येलमधील ब्रेनर्ड आणि १७४५ मधील ब्रेनर्ड यांच्या वृत्तीतील फरक दोन प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा.
२. क्रॉसविकसंग येथील घटनांमागे श्रद्धावान चरित्रकार आणि इतिहासकार कोणती कारणे पाहतील? तुमचे मत सकारण लिहा.
३. रोजनिशीच्या दोन वह्या नष्ट होणे, ही घटना चरित्रलेखनाच्या दृष्टीने कशी महत्त्वाची ठरते?
४. तुमच्या परिचयातील एखाद्या दिवंगत व्यक्तीच्या आंतरिक जीवनाविषयी, केवळ खात्रीच्या माहितीच्या आधारे, २०० शब्दांत लिहा.